जुन्या जीपला डिस्क ब्रेक : अंगणात काय जमतं, काय नाही

मागच्या खेपेला आपण विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोललो होतो. आजचा विषय एका ताईंच्या फोनवरून आला. त्यांच्या सासऱ्यांची जुनी महिंद्रा जीप गोठ्याशेजारी कित्येक वर्षं उभी होती. मुलानं ती चालू केली, रंगवून घेतली, आणि आता पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक घरीच बसवायचे म्हणून तो मोबाईलवर व्हिडिओ बघत बसतोय. सामानाला पैसे कमी पडतात म्हणून ताई बचत गटातून कर्ज काढायला निघाल्या आहेत. त्यांनी विचारलं, "बसवू द्यावं का त्याला?"

आम्ही दोन जाणत्या मिस्त्रींशी बोललो, एका जीपखाली स्वतः शिरून बघितलं. उत्तर आधीच सांगून टाकतो : बसवू द्या, पण कर्जाचा आकडा ठरवण्याआधी सामानाची यादी परत करा. चाकाजवळ दिसणारी चकती आणि तिला धरणारा कॅलिपर हे या कामाचं निम्मंच सामान आहे. बाकीचं निम्मं ड्रायव्हरच्या पायाखाली आणि बॉनेटखाली असतं. ते राहून गेलं, तर नव्या ब्रेकची गाडी जुन्यापेक्षा वाईट थांबते.

आधी जुना ब्रेक समजून घेऊ. आपल्याकडच्या जुन्या जीप, फियाट, सुरुवातीच्या अँबॅसडर, सगळ्यांना चारी चाकांना ड्रम ब्रेक असायचे. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं एक जाड बिडाचं पातेलं. विलीज जीपच्या मूळ घाटणीत हे पातेलं नऊ इंची असायचं. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात, त्यांच्या पाठीवर लायनर चिकटवलेलं असतं. पेडल दाबलं की शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि पातेल्याला आतून घासतात. पातेल्यात दोन्ही हात घालून ते आतून रेटून धरावं, तसं.

या ब्रेकचा एक गुण लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचंच काम पडणार आहे. दाराखाली पाचर ठेवली आणि दार ढकललं, तर दार स्वतःच ती पाचर घट्ट करतं. ड्रममध्ये दोनपैकी एका शूचं तसंच होतं : फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो आणि तो आणखी आवळला जातो. म्हणून ड्रम ब्रेकला पायाची ताकद कमी लागते. जुन्या जीपला कसलीही मदत नसताना नुसत्या पायानं ब्रेक लागायचा तो यामुळे.

आता दोष. आपण साताऱ्याकडच्या बायका, पसरणीचा नाहीतर आंबेनळीचा घाट आपल्याला नवा नाही. भरलेल्या वडापमधून उतरताना खालून करपल्यासारखा वास येतो, तो आपल्यातल्या बहुतेकींनी घेतलेला आहे. तो वास तापलेल्या लायनरचा. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात आठवा. धाव आधी विस्तवात तापवतात, ती फुगते, मग चाकावर सहज बसते. ड्रमचंही तेच होतं. सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, फुगतो आणि शूंपासून लांब जातो. शूंना आणखी बाहेर यावं लागतं, पेडल खोल जायला लागतं. त्यात तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी, जिथं ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, तिथंच तो सगळ्यात दुबळा झालेला असतो. ओढा ओलांडला तर दुसरी तऱ्हा : पातेल्यात पाणी शिरतं आणि पुढची काही वळणं ब्रेक नुसता घसरतो.

डिस्क ब्रेकमध्ये पातेलं नाही, तवा आहे. चाकाबरोबर एक लोखंडी तवा फिरतो आणि कॅलिपर नावाची सांडशी त्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडते. सांडशीच्या दोन ओठांना दोन पॅड. तवा उघड्यावर असतो, त्यामुळे वाऱ्यानं लवकर निवतो. पाणी, चिखल फिरता फिरता बाहेर फेकला जातो. आणि तापून तवा जाड झाला तरी तो पॅडच्या दिशेनंच जाड होतो, लांब पळत नाही. सायकलच्या रिमला दोन रबरं दोन्हीकडून धरतात, तेही याच जातीचं. कल्पना काही नवी नाही बरं का. इंग्लंडमध्ये लँचेस्टर नावाच्या कारागिरानं १९०२ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. पण मोटारींच्या जगाचे डोळे उघडले ते १९५३ मध्ये, फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार पहिली आली तेव्हा.

मग अडचण काय? तव्याला पाचरीची सोय नाही. सांडशी जेवढी आवळाल तेवढीच पकड, एक गुंजही फुकट मिळत नाही. म्हणून डिस्कला पायाची ताकद बरीच जास्त लागते. ती पायातून येणार नाही, तेव्हा बूस्टर लागतो. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बसवलेला तो काळा गोल डबा, तोच बूस्टर. त्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूनं बाहेरची हवा आत येते आणि पायाच्या जोडीनं ढकलते.

ही हवा ओढतं कोण? पेट्रोल इंजिन असेल तर इंजिन स्वतःच, श्वास घेताना. जीपच्या मूळ पेट्रोल इंजिनातून ही ओढ मिळते. पण आपल्याकडच्या कितीतरी जीपांना डिझेल इंजिन आहे. डिझेल इंजिनाच्या श्वासाला पेट्रोलसारखी झडप नसते, त्यामुळे त्यातून ही ओढ मिळत नाही. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, तो बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. फोन करणाऱ्या ताईंची जीप डिझेलची आहे आणि मुलाच्या यादीत पंप नव्हता. यादी परत करा म्हणालो ते यासाठी.

इथं थोडं थांबून बोलायलाच हवं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायची सवय आपल्या भागात जुनी आहे. ती कधीच चांगली नव्हती. पण बिनबूस्टरच्या जुन्या जीपमध्ये इंजिन बंद झालं तरी ब्रेक जसा होता तसाच राहायचा. बूस्टर बसवलेल्या गाडीत इंजिन बंद केलं की डब्यातली साठलेली ओढ दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरती पुरते. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, पण त्याला दोन्ही पायांचं बळ लावावं लागतं, आणि तेवढं बळ लावायचं हे ड्रायव्हरला त्या क्षणी सुचायला हवं. घरात तीच गाडी मुलगा, त्याचा काका आणि शेजारचा पोरगा असे तिघं चालवणार असतील, तर तिघांनाही पहिल्या दिवशीच हे सांगा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, इंजिन चालू ठेवून. डिस्क लावली म्हणून हा नियम बदलत नाही.

आता पायाखालचा मास्टर सिलिंडर. जुन्या जीपमध्ये तो फरशीच्या खाली, चासीला लावलेला असतो आणि त्याला एकच कप्पा असतो. एका कप्प्यातून चारी चाकांना ऑइल जातं. म्हणजे कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की चारी ब्रेक गेले. एवढं काम काढलंच आहे तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवा. पुढची चाकं एका कप्प्यावर, मागची दुसऱ्यावर. एक गेला तरी दुसरा गाडी थांबवतो, उशिरा का होईना. आमच्या मते सगळ्या कामातला हाच सगळ्यात मोलाचा खर्च आहे, चकतीपेक्षाही. पैसे कमी पडत असतील तर डिस्क पुढच्या वर्षी करा, ड्रम नीट करून घ्या, पण दोन कप्प्यांचा सिलिंडर आधी.

जुनाच सिलिंडर डिस्कला चालत नाही याला आणखी एक कारण आहे. ड्रमच्या सिलिंडरमध्ये एक छोटी झडप असते, ती नळीत थोडा दाब कायम धरून ठेवते. तो दाब डिस्कच्या नळीत राहिला तर पॅड तव्याला सतत चिकटून घासत राहतात, चाक तापतं, डिझेल जास्त लागतं. उलट सिलिंडर फरशीखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल आणि नळीत काहीच दाब नसेल, तर ऑइल उतारानं परत येतं आणि दर वेळी पहिलं पेडल पोकळ जातं. त्यासाठी डिस्कची वेगळी, अगदी हलक्या दाबाची झडप मिळते.

सिलिंडर जाड घ्यावा की बारीक, यावर मुलं तासभर वाद घालतात. जाड घेतला तर पेडल कडक होतं, बारीक घेतला तर खोल जातं. यातून सोपी वाट अशी की कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर हे तिन्ही एकाच जातीच्या गाडीचे घ्यावेत. बोलेरोला पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशीच जोडी असते, म्हणून जीपवाले बहुधा तिकडं वळतात. भंगारातून चकती घेतली तर तिच्यावर किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला आहे का बघा आणि मोजून घ्या. त्याच्या खाली गेलेली चकती फुकट मिळाली तरी नको. रबरी नळ्या आणि पॅड मात्र नवेच.

आता अंगणातलं काम. जमीन सपाट आणि टणक हवी. शेणानं सारवलेल्या मऊ अंगणात जॅक रुततो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही, लोखंडी स्टँड लावूनच जायचं. विटांचा ढीग स्टँड होत नाही, वीट एकाएकी फुटते. आणि जीपची एक खोड ऐका. बाकीच्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या दोन चाकांत असतो, पण जुन्या जीपचा गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या शाफ्टवर असतो. त्यामुळे पुढे डिस्क लावल्या तरी हँडब्रेकला धक्का लागत नाही, हे बरं. वाईट हे की मागचं एक चाक जॅकवर उचललं तर ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी निसटते. म्हणून हँडब्रेकवर विश्वास न ठेवता जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावायचे.

ड्रम उघडला की आत काळी धूळ दिसते. ही धूळ आपल्या वाट्याला येते, कारण संध्याकाळी अंगण झाडणार आपणच. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस वापरायचे. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि वर्षांनी कॅन्सरसारखे आजार करतात. तेव्हा ती धूळ कॉम्प्रेसरनं उडवायची नाही, फुंकायची नाही, कोरड्या केरसुणीनं झाडायची नाही. पाणी शिंपडून ओली करायची, ओल्या फडक्यानं पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. त्या वेळी लहान मुलं आणि कोंबड्या लांब.

शूची पाठीमागची पत्र्याची प्लेट निघते, तिच्या जागी कॅलिपर धरणारा ब्रॅकेट येतो. ब्रेक लावताना सगळा जोर या ब्रॅकेटवर येतो. घरी पट्टी कापून, वेल्डिंग मारून केलेला ब्रॅकेट आम्हाला मुळीच मान्य नाही, कितीही चांगला वेल्डर असो. तयार, मापाचा ब्रॅकेट घ्या, नाहीतर चांगल्या मशीन-शॉपमधून करून घ्या. बोल्ट नवे आणि सैल न होणाऱ्या वॉशरसकट. चकती हबवर बसवल्यावर चाकाच्या बोल्टचे आटे नटाला पुरेसे उरतात का हेही बघायचं, कारण चकतीची जाडी मध्ये येते. मग चाक लावून हातानं पूर्ण एक फेरा फिरवायचा. रिम कॅलिपरला कुठं घासत असेल तर आवाज येतो.

रबरी नळी जोडताना कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं वर बांधायचा. जोडून झाल्यावर स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडं, एकदा पूर्ण उजवीकडं वळवायचं. नळी ताणली जाते का, टायरला लागते का, ते एकीनं खाली वाकून बघायचं.

आता हवा काढणं, म्हणजे ब्लीडिंग. प्लास्टिकची बाटली पाण्यानं काठोकाठ भरून झाकण लावा आणि दाबा, दबत नाही. अर्धी भरून दाबा, लगेच दबते. नळीत हवा राहिली की पेडलचं तसंच होतं, पाय दाबतो पण चाकापर्यंत जोर पोचत नाही. हे काम दोघांचं. एकजण पेडलवर, एकजण चाकाशी. चाकाशी असलेला "दाबा" म्हणतो, पेडलवरचा दाबून धरतो, मग निप्पल अर्धा फेरा उघडतो, हवेचे बुडबुडे आणि ऑइल बाटलीत येतं, निप्पल बंद करतो, मगच "सोडा". बंद करण्याआधी पाय सोडला की हवा परत आत. सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. टाकीतलं ऑइल मध्येच संपू द्यायचं नाही. बाटलीत आलेलं ऑइल परत ओतायचं नाही. आणि तासभर हवा काढूनही पेडल स्पंजसारखंच राहिलं, तर निप्पल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे का बघा. डावा कॅलिपर उजवीकडं लागला की निप्पल खाली जातो आणि हवा वर अडकते. ही चूक वाटते त्याहून जास्त वेळा होते.

ऑइल म्हणतो आपण, पण ते खाद्यतेल नाही की इंजिनचं तेलही नाही. इंजिनचं तेल थेंबभर जरी गेलं तरी आतली रबरं फुगतात. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ नवं असताना २३० पर्यंत. पण पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ पाणी धरतं, तसं हे ऑइल हवेतलं पाणी धरतं, आणि मग डॉट ३ चा तो आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ म्हणजे हवाच. म्हणून सीलबंद डबा घ्यायचा आणि दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. रंगावर सांडलं तर रंग उतरतो, लगेच पाण्यानं धुवा.

गाडी अंगणातून हलवण्याआधी पेडल दहा-बारा वेळा दाबून घ्या. नवे पॅड तव्यापासून लांब असतात, पहिलं पेडल थेट फरशीला टेकतं, आणि समोर गोठ्याची भिंत असते. मग दोन परीक्षा, या कुणालाही करता येतात. पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती आहे. दुसरी : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. तसाच पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

त्यानंतर रिकाम्या सरळ रस्त्यावर, गाडीत फक्त ड्रायव्हर, ५० च्या वेगावरून हळू १० पर्यंत, मध्ये गार होऊ देत, असं आठ-दहा वेळा. यानं पॅड आणि तवा एकमेकांना बसतात. गाडी एका बाजूला ओढते का आणि मागची चाकं आधी जाम होतात का, हे याच वेळी कळतं. मागची आधी जाम झाली तर गाडी शेपूट फिरवते. अशा वेळी मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि तो लावणं, जुळवणं हे काम जाणत्या मिस्त्रीकडंच द्या. शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा आवळा. माणसं भरून घाटात त्याआधी नाही.

कागदांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. म्हणून सामान घेण्याआधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, पावत्या जपून ठेवा. ताईंनी कर्जाच्या अर्जाला सामानाची पूर्ण यादी जोडावी, पंप, सिलिंडर आणि मिस्त्रीच्या तपासणीची मजुरी धरून. गटानंही ती मागून घ्यावी.

काम संपल्यावर जुनं ब्रेक ऑइल बहुतेक वेळा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलं जातं. रंगानं ते सरबतासारखं दिसतं आणि पोटात गेलं तर विष आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, स्वयंपाकघरापासून आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवा, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, आणि पहिल्या बाजाराच्या दिवशी जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजवर नेऊन द्या.